मॅन्युअल वॅगन आर ऑटोमॅटिक करून घ्यावी का?

तुमची गाडी २०१७ ची वॅगन आर व्हीएक्सआय, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, ६४ हजार किलोमीटर झालेली. रोज धायरी ते हिंजवडी जाणं-येणं. डाव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे आणि डॉक्टरांनी क्लच कमी वापरायला सांगितलंय. ओळखीच्या मेकॅनिकला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर याच मॉडेलची एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सला मशीन जोडून ऑटोमॅटिक केलेली) गाडी भंगारात निघालेली सापडली. तिचं सामान तुमच्या गाडीत टाकून ८० हजारांत ऑटोमॅटिक करून देतो, वर सहा महिन्यांची गॅरंटी, असं तो म्हणतो. डीलर तुमची गाडी आहे तशी २ लाख ६० हजारांना घ्यायला तयार आहे. करून घ्यावं का, कायद्याला चालतं का आणि त्या गॅरंटीवर भरवसा ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो: करून घेऊ नका. आधी आहे तो क्लच नीट तपासून घ्या. तरीही गुडघ्याला आराम पडला नाही, तर ही गाडी विकून कारखान्यातूनच ऑटोमॅटिक निघालेली गाडी घ्या. माझं गॅरेज पुण्यातच आहे आणि क्लच-गिअरबॉक्स हेच माझं मुख्य काम, त्यामुळे कारणंही त्याच बाजूने देतो.

तुमच्या मेकॅनिकला मिळालेली गाडी बाजूला ठेवली, तर तुमची अडचण डाव्या पायाची आहे. गिअर बदलण्याचा तुम्हाला त्रास नाही, पेडल दाबण्याचा आहे. म्हणून पहिला प्रश्न असा, की ते पेडल जेवढं कडक असायला हवं तेवढंच आहे, की त्याहून जास्त?

पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये ६४ हजार चाललेल्या गाडीचा क्लच जवळजवळ नेहमी कडक झालेला असतो आणि मालकाला ते कळत नाही, कारण तो रोज थोडाथोडा कडक होत जातो. गाडी घसरत नाही, पिकअप आहे, म्हणजे क्लच चांगला आहे असं धरलं जातं. तसं नसतं. क्लच प्लेट झिजून पातळ झाली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची, म्हणजे गोल स्प्रिंगची, बोटं गिअरबॉक्सच्या बाजूला सरकतात आणि त्यांना दाबायला पहिल्यापेक्षा जास्त जोर लागतो. प्लेट घसरायला लागायच्या कितीतरी आधी पेडल जड झालेलं असतं. त्यात केबल कोरडी पडलेली असली आणि फोर्कच्या (केबलच्या ओढीने क्लच सोडवणाऱ्या दांड्याच्या) शाफ्टचं बुश सुकलेलं असलं की तिन्ही मिळून पाऊल दमतं.

मेकॅनिककडे गेलात तर त्याला केबल फोर्कच्या टोकाकडून सोडवायला सांगा आणि आतली तार स्वतः बोटांनी मागेपुढे ओढून बघा. चांगली केबल दोन बोटांत सहज सरकते. जुनी असेल तर जिथे वळण आहे तिथे खरखर लागते, कधी कधी एकदोन तारा तुटून आत रुतलेल्या असतात. मग फोर्कचा दांडा हाताने हलवा, तो अडकत अडकत परत येत असेल तर बुश गेलं. दोन्ही ठीक असून पेडल कडक असेल तर प्रेशर प्लेटवरच संशय. याहून सोपी कसोटी म्हणजे कोणाची तरी कमी चाललेली याच मॉडेलची गाडी मिळवा, इंजिन बंद ठेवून आधी तिचं आणि लगेच तुमचं पेडल दाबा. फरक असेल तर पाय लगेच सांगतो.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, केबल आणि मजुरी धरून या वर्गातल्या गाडीला साधारण आठ ते दहा हजार लागतात, शहर आणि गॅरेजप्रमाणे थोडं कमी-जास्त. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा फोर्कचं बुशही बदलून घ्या. गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्या कित्येक ग्राहकांचं काम एवढ्यावर भागलेलं मी बघितलंय.

जोडीला सीट. पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. आणि सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ती सोडा. सिंहगड रोडला किंवा वाकडच्या पुलाखाली दीड मिनिटाचा सिग्नल असतो, तेवढा वेळ गुडघ्यावर सलग भार राहतो आणि रिलीज बेअरिंगही फुकट झिजतं. न्यूट्रल करा, पाय खाली ठेवा.

इथे एक गोष्ट मी ठरवू शकत नाही, ती तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची आहे. त्यांना क्लच 'कमी' करायचाय की 'बंद' करायचाय, हे स्पष्ट विचारा. बंद असेल किंवा पुढे गुडघ्याचं ऑपरेशन दिसत असेल, तर नव्या क्लचवर पैसे घालू नका, सरळ गाडी बदलण्याकडे वळा.

आता मेकॅनिकच्या प्रस्तावाकडे. तो थापा मारत नाहीये. सगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये एएमटी हा एकच असा आहे, की ज्याच्या आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचाच कोरडा क्लच असतो. भारतात तो मोठ्या प्रमाणावर आला २०१४ च्या सेलेरिओपासून, आणि वॅगन आरमध्ये २०१५ च्या शेवटी. तुमच्या पायाचं आणि हाताचं काम तिथे एक हायड्रॉलिक युनिट करतं: मोटरवर चालणारा पंप, प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि क्लच व गिअर हलवणारे अ‍ॅक्चुएटर. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार, टाकतो म्हणाला असता, तर मी एवढं लिहितही बसलो नसतो. त्यात फ्लायव्हील, माउंटिंग, अ‍ॅक्सल, तेल थंड करायची सोय, सगळंच बदलतं. तुमच्या गाडीत लोखंडाचं काम खरोखर सोपं आहे, एखाद्या आठवड्यात होईल.

अवघड आहे ते वायरिंगचं काम. एएमटी गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटच्या आतून 'घुंऽऽ' असा आवाज येतो, तुम्ही ऐकला असेल. चावी लावायच्या आधीच पंप प्रेशर तयार करून ठेवतो. म्हणजे दाराच्या स्विचची वायरसुद्धा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी बोलते. तशीच ब्रेकच्या स्विचची, कारण ब्रेक दाबल्याशिवाय तो गाडी चालू करू देत नाही आणि गिअरही टाकू देत नाही. इनपुट शाफ्टचा वेग सांगणारा सेन्सर, गिअर कुठे आहे ते सांगणारे सेन्सर, मीटरमधला गिअरचा आकडा, हे वेगळंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअर बदलताना इंजिनची ओढ क्षणभर कमी करायची असते. आपण चालवताना अ‍ॅक्सिलरेटर सोडतो ते काम. एएमटीत गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनच्या ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, तसं कळवतो आणि ईसीएम थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) आवरतो. त्यासाठी थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक हवा आणि ईसीएममध्ये एएमटीचंच सॉफ्टवेअर हवं. बॉनेट उघडून बघा, अ‍ॅक्सिलरेटर पेडलपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत तारेची केबल गेलेली असेल तर थ्रॉटल बॉडी आणि पेडलसुद्धा बदलावं लागेल. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आला की इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय) आला, म्हणजे चावीची चिप पुन्हा जुळवणं आलं. सगळं जोडून झाल्यावर क्लच नेमका कुठे पकडतो हे कंट्रोलरला स्कॅनरने शिकवावं लागतं, तोपर्यंत गाडी झटके खाते किंवा जागची हलतच नाही.

यातलं काहीच अशक्य नाही. पण ८० हजारांत हे सगळं धरलंय का, हे विचारा. पूर्ण वायरिंग हार्नेस काढून बसवणार, की लागतील तेवढ्या वायरी तोडून टेप गुंडाळून जोडणार? कुर्ल्याची गाडी ठोकलेली आहे की पाण्यात बुडालेली? समोरून ठोकलेल्या गाडीत बॅटरी, गिअरबॉक्स, अ‍ॅक्चुएटर या भागालाच मार बसलेला असू शकतो. आणि बुडालेल्या गाडीतला कंट्रोलर आज चालला तरी पुढच्या पावसाळ्यात पिनांना हिरवट गंज चढून बंद पडतो.

अशी बदललेली एक छोटी हॅचबॅक माझ्याकडे कात्रज घाटातून टो करून आली होती. काम कोणी केलं ते महत्त्वाचं नाही, हात साफ होता. मालकाची तक्रार अशी, की घाटात रांगेत थांबल्यावर गाडी न्यूट्रलला जायची आणि मग गिअरच घ्यायची नाही, थोड्या वेळाने आपोआप ठीक. गॅरेजमध्ये कितीही चालवली तरी फॉल्ट येईना. आम्ही आधी प्रेशर बघितलं, मग तेल, मग अ‍ॅक्चुएटर. सगळं चोख. शेवटी सापडलं ते ब्रेक पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या खाली. स्विचची वायर वाढवून जोडली होती आणि तो जोड पेडल बराच वेळ दाबून धरलं की ताणला जाऊन सैल व्हायचा. ब्रेक दाबलेलाच नाही असं कंट्रोलरला वाटायचं, मग तो गिअर कसा देणार? दुरुस्ती किरकोळ होती, शोधण्यात दिवस गेले. बदललेल्या गाडीची खरी अडचण ही आहे. तिच्या वायरिंगचा नकाशा कुठल्याच पुस्तकात नसतो, तो बनवणाऱ्याच्या डोक्यात असतो. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली तर चॅसी नंबर टाकल्यावर संगणक तिला मॅन्युअल म्हणतो आणि तिथली माणसं हात लावायला कचरतात. त्यांचंही चूक नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'पण सीएनजी तर सगळेच बसवतात' असं ग्राहक म्हणतात. त्याला कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे, मान्यताप्राप्त किट लागतं आणि ते आरसीवर चढतं. भंगारातल्या एएमटीला अशी वाट नाही. चौकात पोलीस बॉनेट उघडून गिअरबॉक्स बघणार नाही, हे खरं. प्रश्न येतो तो अपघातानंतर. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल म्हणजे क्लेमच्या वेळी सर्व्हेयरच्या हाती आयतं कारण, आणि तेही गाडीच्या नियंत्रणाशी थेट संबंध असलेल्या भागातलं.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. गुडघ्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने कोणाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालेलं असेल, तर त्या व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करून ती 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणून नोंदवण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि मान्यता मिळालेलं किट लावायचं. हाताने क्लच चालवायची किंवा ऑटो-क्लचची किटं यात येतात. त्यांत गिअरबॉक्सला हात लागत नाही, ईसीएम बदलत नाही, आणि उद्या किट काढलं तर गाडी पहिल्यासारखी होते. वाचणाऱ्यांपैकी कोणी या परिस्थितीत असेल तर त्यांनी आधी हीच वाट बघावी.

आता पैसे. तुमच्या गाडीला आज २ लाख ६० हजार येतात. त्यात ८० हजार घातले की तुमचे ३ लाख ४० हजार अडकले. विकायला गेलात तर आरसी मॅन्युअल सांगणार आणि आत एएमटी निघणार. डीलर एक रुपया जास्त देणार नाही, उलट पाडूनच मागेल. कारखान्यातून मॅन्युअल आणि एएमटी अशा दोन्ही निघालेल्या या वर्गातल्या गाड्यांत नवीन घेताना फरक साधारण ४०-५० हजारांचा असतो, आणि जुन्या बाजारात तो बहुधा त्याहून कमी होतो. म्हणजे तुमची विकून त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली एएमटी घेतली तर ट्रान्सफरचा खर्च आणि डीलरची कटौती धरूनही ८० हजारांच्या आत बसण्याची शक्यता भरपूर आहे. एमएच पासिंगचीच घेतलीत तर एकरकमी रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. तुमचा नो क्लेम बोनस नव्या गाडीच्या पॉलिसीला लागतो, गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र तेवढं घेऊन ठेवा. आठवडाभर जाहिराती चाळा आणि तुमचा स्वतःचा आकडा काढा. माझ्या आकड्यापेक्षा तो खरा.

मग गिअरबॉक्सचा प्रकार बदलणं नेहमीच चूक असतं का? जुन्या काळात नव्हतं. अ‍ॅम्बेसेडरला १९९० च्या दशकात इसुझुचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, तेव्हा स्टिअरिंगजवळच्या हात-गिअरला कंटाळलेल्या कितीतरी मालकांनी जुन्या गाडीत तो जोड बसवून घेतला आणि वर्षानुवर्षं आनंदाने चालवला. सगळं काम लोखंडाचं होतं. माउंटिंग जुळलं, प्रोपेलर शाफ्ट कापून बरोबर केला की झालं. इंजिनला गिअरबॉक्स कोणता लागलाय हे कळतही नव्हतं. आजच्या गाडीत इंजिनला ते कळतं, सगळा फरक तिथे पडलाय.

उलट दिशेचा प्रश्नही मला पुष्कळ येतो: ऑटोमॅटिक बॉक्स गेला, वर्कशॉपने दीड-दोन लाखांचा आकडा सांगितला, मॅन्युअल टाकून घेऊ का? इथेही क्लच पेडल, फ्लायव्हील, गिअर लिव्हर, केबली, बऱ्याचदा अ‍ॅक्सल आणि ईसीएम असं सगळं लागतं. ईसीएम जुनाच ठेवला तर तो नसलेल्या कंट्रोलरला शोधत बसतो, चेक लाइट लागते आणि इंजिन पूर्ण ताकद देत नाही. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलचा स्विच नुसता वायर जोडून 'सरळ' केलेला असतो, म्हणजे गाडी गिअरमध्ये असतानाही सेल्फ घेते. पार्किंगमध्ये भिंतीसमोर उभ्या गाडीची चावी कोणी बाहेरून हात घालून फिरवली तर काय होईल? अशा ग्राहकांना मी पूर्ण बॉक्स बदलायच्या आकड्यावर थांबू नका म्हणतो. व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, तेल यांतला दोष असेल तर फक्त ऑटोमॅटिक बॉक्सचंच काम करणारी गॅरेजेस तो बऱ्याच कमी खर्चात काढतात. आधी स्कॅन आणि तेलाची तपासणी, नंतर बाकीचं बोलणं.

गॅरंटीचं विचारलंत. सहा महिने म्हणजे फक्त कुर्ल्याच्या सामानाचे, की मजुरी, टोइंग आणि ईसीएम धरून, हे कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा लिहायची वेळ आली की 'इलेक्ट्रिकलला गॅरंटी नाही' असं उत्तर येतं. आणि या कामात बिघडणारं सगळं इलेक्ट्रिकलच असतं.

एएमटी घ्यायचं ठरलंच, तर आधी एखाद्याची मागून किंवा भाड्याने घेऊन तुमच्याच रस्त्यावर, ऑफिस सुटायच्या वेळी चालवा. काहींना गिअर बदलताना येणारा हेलकावा आवडत नाही. गुडघ्याला त्याने काही होत नाही, पण मान आणि मनाला त्रास होणारे लोक आहेत. त्यांनी बजेट थोडं वाढवून जुनी सीव्हीटी बघावी, २०२२ पूर्वीच्या बलेनोमध्ये ती मिळते. एएमटी चालवताना एक सांभाळा: चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. आत कोरडा क्लचच आहे, तो तुमच्या पायाने जळला काय किंवा मशीनने जाळला काय, वास तोच येतो.

जुनी एएमटी बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असताना जा. दार उघडल्यावर पंपाचा आवाज ऐका. तो थोडा वेळ वाजून थांबला पाहिजे. गाडी चालू असताना दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा वाजत असेल तर प्रेशर कुठेतरी गळतंय किंवा अ‍ॅक्युम्युलेटर संपलाय. हायड्रॉलिक तेलाच्या छोट्या टाकीची पातळी बघा, खाली ओल आहे का बघा. चढावर थांबवून पुन्हा उचला, थरथर आली तर क्लच संपत आलाय. मग स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या. क्लच कुठे पकडतो याचं मोजमाप कंट्रोलर साठवून ठेवतो आणि त्यावरून प्लेटमध्ये किती जीव उरलाय याचा बराच अंदाज येतो. ते वाचून झाल्यावर, टोकन द्यायच्या आधी, किमतीचं बोला. क्लच बदलायला आलेला असेल तर त्याचा खर्च मालकाकडून कमी करून घ्या. एएमटीत तो मॅन्युअलपेक्षा महाग पडतो, कारण प्लेट बदलल्यावर कंट्रोलरला शिकवायचं काम पुन्हा करावं लागतं.